तिसऱ्या ग्रीनची खुरपणी

सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्याजवळ गोल्फचं मैदान आहे असं आमच्या भागात कुणाला सांगितलं तर तो आधी हसतो. मग विचारतो, ते काठीनं अंडं मारतात ते का? तेच ते. रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या एका साहेबांनी कुठंतरी परदेशात तो खेळ पाहिला, त्यांना हौस आली आणि त्यांनी मुरमाड माळावर सहा भोकांचं मैदान काढलं. प्रत्येक भोकाभोवती गालिच्यासारखं कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. त्या सहा ग्रीन मी आठ वर्षं सांभाळल्या. सगळ्या जिल्ह्यात हे काम येणारा मी एकटा होतो आणि सुरुवातीला मला त्याचा फार माज होता.

ग्रीनवर लावतात ती हरळीच. आपण शेतात जिच्या नावानं बोटं मोडतो, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो, तिचीच विलायती बहीण. पात बारीक, अंग बुटकं, बी धरत नाही, तुकडे लावून वाढवावी लागते. काड्यापेटीच्या दोन काड्या एकावर एक ठेवल्या की जेवढी जाडी होते तेवढीच ती उंच ठेवायची. त्यासाठी रोज सकाळी गवत कापायची मशीन फिरवायची. एक दिवस चुकला की चेंडू अडखळतो, दोन दिवस चुकले की साहेबांचा फोन येतो. शिवाय आपली गावरान हरळी कडेनं चोरपावलांनी आत शिरत असते, तिला शोधून काढायचं. हरळीतून हरळी निवडायची, असला हा धंदा.

मी तो पुण्यात शिकलो. तिथल्या मैदानावर मजूर होतो. तिथला म्हातारा मिस्त्री मशीनीचं पातं जुळवताना आमच्याकडं पाठ करून बसायचा. त्या पाठीकडं बघत बघत, डाव्या खांद्याच्या हालचालीवरून अंदाज घेत मी चार वर्षांत काय ते उचललं. एकदा चहा पिताना तो मला म्हणाला होता, ज्यानं सगळं सांगितलं त्याला घरी पाठवतात. हे वाक्य मी गाठीला बांधून गावाकडं आलो. त्यानं कामापेक्षा हेच मला पक्कं शिकवलं, असं आता वाटतं.

मैदानावर मी पंपाच्या खोलीशेजारी एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. घर कुरुंद्याजवळच्या खेड्यात. मोटारसायकलवर दीड तासाची वाट, पण ती वाट मला महिन्यातून दोनदा मिळायची. रविवारी साहेबांचे पाहुणे, इंजिनियर, डॉक्टर, कोण कोण खेळायला यायचे. म्हणून सोमवारी दुपारी निघायचं आणि मंगळवारी उजाडायच्या आत परत. बायको दोन एकर हळद एकटीनं ओढत होती. पोरगी मी दारात मोटारसायकल लावली की विचारायची, "आलेत का?" आणि पाण्याचा तांब्या पुढं करायची. पाहुण्याला विचारतात तसं. त्या तांब्याचा मला राग यायचा, पण तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता बायको म्हणाली, "पुढल्या वर्षी जूनला ती मामाकडं जाणार, नांदेडला. आठवीपासून तिथंच शिकंल. तुमाला घरी यायचं आसंल तर आत्ता या. मंग येऊन कुणाला बघता?"

ती भांडून बोलली असती तर बरं झालं असतं. तांदूळ निवडता निवडता बोलली. माझ्या मनात हिशेब लागला, एक वर्ष आणि चार महिने. मी साहेबांना जाऊन सांगितलं की पाडव्यानंतर मी येणार नाही. साहेब म्हणाले, बघू, तोपर्यंत एखादा माणूस तयार कर.

माणूस तयार करायचा तर तो समोरच होता, म्हणजे होती. जवळच्या तांड्यावरची पन्नाशीची बाई, मी तिला याडी म्हणायचो. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. रोज पहाटे आम्ही दोघं चऱ्हाटाची दोन टोकं धरून ग्रीनवरून चालायचो, म्हणजे गवतावरचं दव झडून जातं आणि बुरशी लागत नाही. हा दोर धरायचा आणि बाकीच्या तीन बायांकडून लव्हाळा, केना खुरपून घ्यायचा, एवढंच काम मी तिला दिलं होतं. मशीनीच्या शेडपाशी ती घुटमळायची. "भाऊ, हे पातं कसं काय बराबर बसतंय वो?" विचारायची. "याडी, बोट तुटंल, तिकडं व्हय," म्हणून मी तिला हाकलायचो. पाडवा जवळ आला तरी माझं तोंड उघडेना. खरं सांगायचं तर घरी नाही जमलं तर परत यायला दार उघडं राहावं, असं माझ्या मनात होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडं हळद शिजवायला काढली. मी चार दिवसांची सुट्टी मागितली, आठ वर्षांत पहिल्यांदाच एवढी. तिसऱ्या ग्रीनवर तेव्हा गावरान हरळीचे चट्टे उठले होते, अंगावर नायटा उठतो तसे. मोटारसायकलला किक मारता मारता मी याडीला म्हणालो, "तिसरीवरची हरळी काढून घ्या. मुळासकट."

"कोणची काढायची आन् कोणची ठिवायची, दावून तर जा."

"हरळी वळखत न्हाईत व्हय? जन्म गेला ना रानात?"

मी निघालो. पाव तासाचं काम होतं. गुडघ्यावर बसून दाखवलं असतं, की ही बघ, हिच्या कांड्यावर लाली आहे, पात रुंद आहे, आणि अनवाणी चाललं की ही टोचते, ती टोचत नाही. पण तीच तर माझी खूण होती. जिल्ह्यात ती एकट्या माझ्या पायाला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी याडीचा दोनदा फोन आला. मी कढईपाशी होतो, वाफेनं डोळे चुरचुरत होते, पोरगी पहिल्यांदाच माझ्या शेजारी उभी राहून काहीतरी सांगत होती. इथं तरी मला सुखानं राहू द्या, असं पुटपुटत मी फोन खिशात टाकला. नंतर उलट फोन करायचं ध्यानात राहिलं नाही. राहिलं होतं, पण केला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मैदानावर पोचलो तर तिसरी ग्रीन नव्हती. भोक होतं, झेंडा होता आणि भोवती ग्रीनखालची वाळू, विंचरल्यासारखी स्वच्छ. चार बायांनी चार दिवस खपून एकूण एक हरळी काढली होती, वीतभर खोलपर्यंत, एकही मूळ तुटू न देता. कडेला गवताचे ढीग नीट रचून वाळत घातले होते. तीन बाया एका ओळीत उभ्या होत्या, शाबासकीसाठी.

त्यातली एक म्हणाली, "भाऊ, एक काडी ठिवली न्हाई बघा. आमाला तर तुमची कीवच येत हुती. रोज वरून छाटून राहिला माणूस. वरून छाटल्यानं हरळी मरती का कुठं?"

दुसरी म्हणाली, "तुमी जाणार म्हणं. म्हणलं, जायच्या आधी येवढं तरी रान सोच्छ करून द्यावं."

हसावं की रडावं ते कळेना. या बायांना जे सगळ्यात चांगलं येतं ते त्यांनी माझ्यासाठी जीव लावून केलं होतं. आपल्याकडं कुणाच्या शेतातली हरळी फुकट कुणी काढून देत नाही. याडी मात्र ओळीत नव्हती. ती बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मी फोन लावला हुता, भाऊ," ती म्हणाली. "दोनदा."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. आणि मी ओरडलोही, शरमेनं माणूस ओरडतो तसा. काय ओरडलो ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि दोर गुंडाळून शेडमध्ये ठेवायला गेली.

साहेब रविवारी पाहुण्यांना घेऊन आले. झेंड्याकडं बघत उभे राहिले. हे कुणी केलं असं विचारलं. मी म्हणालो, माझ्या सांगण्यावरून झालं. लोकांना वाटलं मी बायांना वाचवलं. तसं काही नव्हतं. आठ वर्षांत बायांना हरळी ओळखायला शिकवली नाही, हे सांगायची माझी हिंमत नव्हती. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "ही ग्रीन पहिल्यासारखी होईपर्यंत तू इथून हलायचं नाही. पाडवाबिडवा विसर."

सरळ उठून निघून जायचं ना, असं कुणीही म्हणेल. पण माझा मेव्हणा साहेबांच्याच नांदेडच्या ऑफिसात कामाला होता आणि माझी पोरगी त्याच मेव्हण्याच्या घरी राहून शिकणार होती. साहेबांनी तसं एका शब्दानं काढून दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती, आमच्याकडं सगळ्यांना सगळ्यांची नाती तोंडपाठ असतात.

मग एप्रिलच्या उन्हात मी बाकीच्या पाच ग्रीनच्या कडेच्या फुटव्यांचे तुकडे करून तिसरीत लावले. दिवसातून चार वेळा पाणी. शेतातली हरळी कितीही खणा, पावसाळ्यात हात वर करून हजर. ही विलायती बया मात्र एकदा मुळापासून निघाली की निघाली. पंधरा दिवसांनी वाळूतून पहिले हिरवे कोंब आले तेव्हा मी आनंदानं चप्पल काढून पाय ठेवला. पाय टोचला. खालून आलेली गावरान होती. जिला काढायला सांगितलं ती तेवढी वाचली होती. मी गुडघ्यावर बसलो आणि चाकूच्या टोकानं एकेक कोंब काढायला लागलो. याडी येऊन थोडा वेळ उभी राहिली.

पाडवा तिथंच गेला. पोरीची परीक्षा संपली, ती सुट्टीला मामाकडं गेली, मे संपेपर्यंत आलीच नाही. बायकोला फोन केला की ती विचारायची, "जेवलात का?" आणि ठेवून द्यायची. पत्र्याच्या खोलीत दुपारी अंग भाजून निघायचं. मी खाटेवर पडून महिने मोजायचो. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. इतकं कोंडल्यासारखं मला पुण्यातही कधी झालं नव्हतं, जिथं आम्ही एका खोलीत अकराजण झोपायचो.

जूनमध्ये तिसरी भरत आली. साहेब बघून गेले आणि जाताना म्हणाले, आता पाचवीचा उतार जरा बदलू या, पावसाळ्यात करून टाक. तेव्हा मला लख्ख समजलं. ग्रीन कधी पुरी होतच नसते. हा माणूस मला मुद्दाम अडकवत नव्हता, त्याला फक्त दुसरं कुणी दिसत नव्हतं. आणि दुसरं कुणी दिसू नये याची तजवीज मीच आठ वर्षं केली होती.

दुसऱ्या दिवशी मी याडीला म्हणालो, "चप्पल काढ."

तिला वाटलं मी चिडलोय. मी तिला तिसऱ्या ग्रीनवरून अनवाणी चालायला लावलं. दहा पावलं गेली असेल, थांबली. खाली न बघताच म्हणाली, "हितं हाय. आपली हाय ही, गावरान." मला चार वर्षं लागली होती, तिला दहा पावलं. आणखी दोन ठिकाणी थांबली, दोन्ही बरोबर. मला आनंद व्हायला हवा होता. झाला थोडासा, पण आधी अपमान वाटला.

मग मी तिला शेडमध्ये नेलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पातं जुळवताना कुणाकडं तरी तोंड करून बसलो. वर्तमानपत्राची पट्टी दोन पात्यांमध्ये धरायची, पातं हळूच फिरवायचं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी कापली तर मशीन जुळली. कागद कुठं चुरगळला तर त्या बाजूचा स्क्रू किंचित आवळायचा. याडीनं तोंडाला पदर लावून सगळं बघितलं. "येवढंच हाय?" म्हणाली. येवढंच होतं. येवढ्यासाठी मी तिला इतकी वर्षं दारातून हाकललं होतं.

मशीन ती बैलामागं तास धरावा तशी सरळ चालवायची. पहिल्या रविवारी पाहुण्यांनी तिचे फोटो काढले, साहेबही खूश झाले. दोन महिन्यांत पाणी, वाळू, खत, बुरशी, सगळं तिच्या हातात आलं. मी तिला हे जीव तोडून शिकवलं, पण त्यात माया किती आणि सुटकेची घाई किती, हे माझं मला माहीत होतं. तिला वाटायचं भाऊ सुधारला. ती घरून माझ्यासाठी भाकरी आणायची.

श्रावणात मी पुन्हा साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "बाई सांभाळती ना? जा मग." आठ वर्षांचा निरोप एवढाच. ज्या दाराला मी इतके दिवस धडका देत होतो ते नुसतं लोटलेलं होतं.

घरी आल्यावर पोरीनं महिनाभर तो तांब्या आणून दिला. दसऱ्याच्या सुमारास बंद केला. दिवाळीत एकाच चार्जरवरून आम्ही दोघं भांडलो, ती पाय आपटत आत गेली, आणि बायको माझ्याकडं बघून हसली. त्या दिवशी मला घरी आल्यासारखं वाटलं. नांदेड सात महिन्यांवर होतं. मी मोजणं सोडलं नव्हतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी मी आणि पोरगी अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसलो होतो. फोन वाजला, याडीचा. माझे हात चिकट होते, म्हणून पोरीनंच तो स्पीकरवर टाकून सुपाशेजारी ठेवला.

याडीनं आधी सगळ्यांची खुशाली विचारली. मग म्हणाली, "भाऊ, लेकीचं दुसरं बाळंतपण हाय, डोंगरकडा गावाला, सासरी. करणारं कोणी न्हाई. साहेब म्हणून राहिले, तू गेली तर ग्रीन कोण बघंल? एक दिवस बी सोडून न्हाई राहिले. तुमी दहा दिवस येता का वो माझ्या जाग्यावर? तुमाला तकलीफ हाय, मला समजतंय. पण दुसऱ्याला कोणाला येतच न्हाई."

मी सुटलो नव्हतो, माझ्या जागी तिला बसवून आलो होतो. दहा दिवस म्हणजे साहेब पुन्हा एखादा उतार बदलायला सांगणार, हेही मला दिसत होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं. हळदीला पाणी चालू आहे, असं म्हणणार होतो.

पण एक गोष्ट मी तिला शिकवली नव्हती. सगळं दिलं होतं, ही एक दाबून ठेवली होती, कारण ती बाहेर आली असती तर साहेबांना कळलं असतं की आठ वर्षं मी त्यांना बनवत होतो. आता ती सांगितली नाही तर तिची लेक एकटी बाळंत होणार होती.

"याडी," मी म्हणालो, "थंडीत ते गवत वाढत न्हाई. झोपतंय ते. संक्रांतीपर्यंत मशीन न्हाई लावली तरी काही बिघडत न्हाई. चार दिवसाआड पाणी मारायला बायांपैकी कुणालाबी सांग, आन् तू लेकीकडं जा. मी दर थंडीत मशीन नुसतीच फिरवायचो, काम दिसावं म्हणून. साहेबाला मी फोन करून सांगतो."

ती म्हणाली, "तरीच. मशीनीच्या डब्यात चिमूटभर बी गवत येऊन न्हाई राहिलं. मला वाटलं, माझंच पातं चुकून राहिलं. महिना झाला, रोज कागद लावून बघून राहिले मी." मग तिनं विचारलं, अगदी सरळ, काही लागट न बोलता, "मंग भाऊ, तुमी काहून न्हाई गेले घरी? आठ हिवाळे?"

"तू निघ उद्याच," एवढंच म्हणालो आणि चिकट बोटानं फोन बंद केला.

पोरीच्या हातातली शेंग तशीच होती. ती माझ्याकडं बघत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "येता येत होतं तुमाला?"